तरंगला, पण उभा राहिला नाही: घरी केलेल्या एका बोयाचं प्रकरण

"अहो, मला वाटलं कुणाचा तरी कॅन वाहत आलाय. उचलून घ्यावा म्हणून वळलो."

बोटवाल्याचं हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. मी पोहत बोटीजवळ जाऊन त्याच्या बाजूने पाहिलं तेव्हा मलाही पांढरा कॅनच दिसला. आमचा झेंडा कॅनच्या पलीकडे पाण्यात आडवा पडला होता आणि त्यावर लाटा येत-जात होत्या. मी काही म्हणणार इतक्यात बोटीच्या उजव्या अंगाला, जेमतेम चार मीटरवर, माझ्या जोडीदाराचं डोकं वर आलं. त्याने स्नॉर्कलमधलं पाणी फुंकून टाकलं, समोर बोट बघितली आणि मला विचारलं, "अरे, ही कुठून आली?" इंजिन तोवर बंद झालं होतं, पण आमची मोकळी दोरी पंख्यापासून हातभर अंतरावर तरंगत होती.

कुणाला खरचटलंही नाही. तरीही मी हे सविस्तर लिहितोय, कारण तो बोया, म्हणजे खाली माणूस आहे हे बोटींना सांगणारा तरंगता झेंडा, मी स्वतः बनवला होता, पाण्यात घालून तपासला होता, आणि "झकास झालाय" असा शेराही मीच दिला होता.

त्या दिवशी काय होतं

आम्ही दोघं सिलिंडर न वापरता बुड्या मारतो. मास्क, स्नॉर्कल, फिन्स आणि छातीत भरलेला श्वास एवढंच सामान. एक खाली गेला की दुसरा वर थांबून त्याच्यावर नजर ठेवतो. तिथे पाणी साधारण सहा मीटर खोल होतं, तळ स्वच्छ, ओढ जवळजवळ नाही. सकाळी वाराही नव्हता. तासाभराने तो सुटला, पाण्यावर बारीक लाट उठू लागली आणि अधूनमधून पांढरा फेस दिसायला लागला. मी मास्क पाण्यात घालून खाली बघत होतो, त्यामुळे झेंडा कधी पडला ते मला कळलंच नाही. बोटीचा आवाज पाण्याखाली ऐकू येतो, पण कोणत्या दिशेने ते समजत नाही. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने धावतो आणि दोन्ही कानांत जवळपास एकाच वेळी पोचतो, त्यामुळे आपल्याला तो सगळीकडून आल्यासारखा वाटतो. मी डोकं वर काढलं तेव्हा बोट तीसेक मीटरवर होती आणि थेट आमच्याकडे येत होती.

बोयाची बनावट अशी होती. पाच लिटरचा बंद प्लास्टिकचा कॅन. त्याच्या कडेला टेपने घट्ट बांधलेला नव्वद सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप. पाइपच्या टोकाला ३० सेंटिमीटर लांब-रुंद लाल कापड, त्यावर तिरका पांढरा पट्टा, आणि वारा नसतानाही ते ताठ राहावं म्हणून वरच्या कडेत ओवलेली तार. कॅनखाली दोन वीत दोरीने लोंबकळणारी एक लिटरची वाळू भरलेली बाटली. शिवाय २० मीटरची तरंगणारी दोरी, जिचं दुसरं टोक खाली जाणाऱ्याच्या कमरेला गाठ मारून बांधलेलं.

वाचताना तुम्हाला यात काही खटकलं नसेल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. मला सहा महिने खटकलं नव्हतं.

वाळूची बाटली

दुसऱ्या दिवशी मी बोया पाण्याच्या टाकीत टाकला आणि काठी बोटाने ढकलली. थोडी कलली की ती परत सरळ यायची. तळहाताच्या रुंदीहून जास्त कलली की संथपणे आडवी व्हायची आणि पुन्हा उठायची नाही. म्हणजे वाऱ्याने झेंडा पाडला असं म्हणण्यात अर्थ नव्हता. पडायला तो तयारच होता, वाऱ्याने फक्त बोट लावलं.

मग वजनकाटा काढला. बाटली हवेत भरली १ किलो ६०० ग्रॅम. तिला दोरी बांधली, काट्याच्या आकड्याला लावली आणि पाण्यात पूर्ण बुडवली. काटा ६०० ग्रॅमवर येऊन थांबला. मी तीनदा मोजलं. प्रत्येक वेळी तेच.

यात चमत्कार काही नाही, शाळेतला आर्किमिडीज आहे. बंद बाटली एक लिटर पाणी बाजूला सारते, म्हणून तिच्या वजनातून एक किलो वजा होतं. वाळू हवेत जड लागते, पण तिच्या कणांमध्ये कोंडलेली हवा पाण्यात उलट काम करते. बाटलीला भोकं पाडली आणि वाळू सांडू नये म्हणून आत फडकं लावलं, की पाणी त्या फटींत शिरतं आणि तीच वाळू पाण्यात सुमारे एक किलो भरते. सिमेंटचा ठोकळाही पाण्यात चाळीस टक्क्यांहून जास्त हलका होतो. शिसं मात्र जेमतेम नऊ टक्के वजन गमावतं. घरी बोया करणारा माणूस वर तरंगणाऱ्या भागाचा हिशेब चोख करतो आणि खालचं वजन मात्र जमिनीवर हातात तोलून ठरवतो. मी नेमकं तेच केलं होतं.

पण खरी चूक वेगळी होती, आणि ती शोधायला मला दोन दिवस लागले. बाटली दोरीने लोंबत होती. मला वाटायचं, जितकी खोल लोंबेल तितकी काठी भक्कम उभी राहील. तसं होत नाही. लवचीक दोरीला टांगलेलं वजन कितीही खोल गेलं तरी त्याची ओढ जिथे दोरी बांधली त्या बिंदूवरच लागते. काठी कलली तरी बाटली सरळ खालीच लोंबत राहते, काठीला मागे खेचत नाही. म्हणजे माझी दोन विती लांब दोरी असून नसल्यासारखी. वजन लागत होतं कॅनच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीपासून फक्त १२ सेंटिमीटरवर.

हिशेब मांडला तो असा, वजन किलोत आणि अंतर सेंटिमीटरमध्ये धरून. वरचा पाइप आणि झेंडा मिळून ४०० ग्रॅम, त्याचा मध्य पाण्याच्या वर सुमारे ५५ सेंटिमीटर; गुणाकार २२. खाली ६०० ग्रॅम, १२ सेंटिमीटरवर, गुणाकार सात. पाडणारे बावीस, सावरणारे सात. मधली तूट कॅन स्वतःच्या रुंदीने भरून काढत होता, तीही थोड्याच कलापर्यंत. त्यावर वारा. ताशी २० ते २२ किलोमीटरचा वारा एवढ्या ताठ कापडावर समोरून लागला तर पाव किलोच्या आसपास जोर लावतो, आणि तो पाण्यापासून पाऊण मीटर उंचीवर. म्हणजे पाडणाऱ्यांच्या बाजूला आणखी अठरा.

मग आधीच्या तपासणीत तो पास कसा झाला? कारण तपासणी टाकीत झाली होती. वारा नाही, लाट नाही, दोरीला कुणी ओढत नाही, आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर. मी त्याला तरंगताना पाहिलं, कलताना पाहिलंच नाही.

झेंडा कशासाठी असतो

इथे थोडं बाजूला जातो, कारण बोटवाल्यावर चिडलेल्या माझ्या जोडीदाराला मी जे सांगितलं ते इथेही लागू पडतं.

लाल झेंडा आणि त्यावर काठीच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरणारा पांढरा तिरका पट्टा, हे निशाण १९५६ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डेन्झेल डॉकरी या पाणबुड्याने तयार केलं. त्याचा अर्थ एकच, इथे पाण्याखाली माणूस आहे. दुसरं निशाण निळं-पांढरं, फडकत्या टोकाला दुभंगलेलं. ते जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीतलं 'अल्फा' नावाचं निशाण. ते बोटीवर लावतात आणि ते बोटीबद्दल बोलतं: माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा, हळू जा. समुद्रावरच्या टक्करी टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम लहान बोटीकडून या अल्फाची कडक पाटी मागतात, निदान एक मीटर उंचीची आणि सर्व बाजूंनी दिसेल अशी. शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे. तरंगत्या बोयावर सहसा लाल-पांढरंच लावतात. कुठे कोणतं सक्तीचं आहे ते त्या त्या ठिकाणच्या नियमांवर ठरतं आणि पाण्यात उतरण्याआधी ते विचारून घ्यावं. फ्लोरिडात, उदाहरणार्थ, बोयावरचा झेंडा किमान १२ इंच लांब-रुंद असावा लागतो आणि तो ताठ राहण्याची सोय असावी लागते. पाणबुड्यांनी खुल्या पाण्यात झेंड्यापासून ३०० फुटांच्या आत राहायचं, आणि बोटींनी तेवढ्या अंतरात वेग अगदी उतरवायचा.

३०० फूट म्हणजे ९१ मीटर. वीस नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने, येणारी बोट ते अंतर नऊ सेकंदांत कापते. आमच्यातला एखादा सहा मीटरवरून निघून वर येईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो.

म्हणून मी जोडीदाराला म्हटलं, त्या माणसाला आपण काहीच सांगितलं नव्हतं. उलट पाण्यात एक बेवारस डबा ठेवून त्याला बोलावून घेतलं. बोया नसता तर तो कदाचित सरळ निघून गेला असता. माझ्या मते पडका झेंडा हा झेंडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण मान खाली घालून पोहत राहतो.

दुसरा बोया

नव्या बोयाची पहिली आवृत्ती थर्माकोलची होती आणि ती एका रात्रीत मेली. तबकडी कापली, घासून गोल केली, वर केशरी स्प्रे पेंट मारला आणि वाळत ठेवली. सकाळी पाहिलं तर वरच्या बाजूला बोट जाईल एवढे खळगे, कडा आत ओढलेल्या, आणि रंग त्या खळग्यांत साचून चिकट झालेला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. स्प्रेमधली द्रावकं आणि पीव्हीसी जोडायचं सोल्युशन त्याला विरघळवतात. पॉलिएस्टर रेझिनही तसंच. इपॉक्सी चालतं, पण तोवर माझा थर्माकोलवरचा विश्वास उडाला होता.

शेवटी पोहायला शिकताना हातात धरतात त्या फळीच्या जातीचा, बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम घेतला. अडीच सेंटिमीटर जाडीच्या चार तबकड्या, व्यास ३० सेंटिमीटर, एकावर एक. सगळं मिळून सात लिटर. याचा मोठा फायदा असा की भोक पडलं तरी हा बुडत नाही. कॅनला एक चीर गेली की संपलं.

काठी आता कडेला बांधलेली नाही, तबकड्यांच्या मधोमध आरपार जाते. एकूण दीड मीटर: ८५ सेंटिमीटर वर, ६५ खाली. खालच्या टोकाला दोन किलो शिसं, पाइपलाच घट्ट बसवलेलं, दोरीने टांगलेलं नाही. शिसं उघडं ठेवलं नाही. जाड टेपने पूर्ण गुंडाळलं, कारण ते सतत हाताळायची वस्तू नव्हे. पाण्यात ते एक किलो ८२० ग्रॅम भरतं. साठ सेंटिमीटरवर धरलं तर गुणाकार १०९. आधीच्या सातशी ताडून बघा.

इथे एक बारीक गोष्ट हुकता हुकता राहिली. पाइपची दोन्ही टोकं मी टोप्या लावून बंद केली होती, नीटनेटकं दिसतं म्हणून. पण खालच्या ६५ सेंटिमीटरमध्ये हवा कोंडली की तोच भाग वर यायला बघतो. पाव किलोहून जास्त उचल, तीही नेमकी चुकीच्या जागी. मग खालच्या टोकाला आणि फोमच्या लगेच खाली अशी दोन भोकं पाडली. बोया पाण्यात सोडला की वरच्या भोकातून बुडबुड करत हवा निघते आणि पाचसहा सेकंदांत काठी ताठ होते. हे दृश्य पाहायला मला अजून मजा वाटते.

झेंड्याबद्दल. ताठ, सपाट झेंडा वाऱ्याच्या दिशेने फिरून उभा राहतो, आणि वाऱ्याच्या रेषेत येणाऱ्या बोटीला त्याची फक्त कड दिसते, म्हणजे काही नाही. जुना झेंडा उभा असता तरी त्या दिवशी आमच्या बोटवाल्याला तो कदाचित दिसला नसता. 'सर्व बाजूंनी दिसेल असा' या अटीचा अर्थ मला तेव्हा कळला. उपाय दोन. एक म्हणजे तीन किंवा चार बाजूंची पेटी, जिच्या प्रत्येक बाजूवर निशाण असतं. फ्लोरिडाचा नियम ही मान्य करतो. दुसरा म्हणजे दोन पाट्या एकमेकींत फुलीसारख्या अडकवणं. मी फुली केली, कारण पेटी वारा फार धरते. पातळ प्लास्टिकच्या पाट्या, ३० बाय ३०, पांढरा पट्टा साडेसात सेंटिमीटर, म्हणजे रुंदीचा चौथा हिस्सा. दीड किलो शिशावरून दोन किलोवर गेलो ते या फुलीमुळेच.

सगळं मिळून बोया २.७ लिटर पाणी बाजूला सारतो आणि फोम चारेक सेंटिमीटर बुडतो. वर सव्वाचार किलोची उचल शिल्लक राहते. दमलेला एक माणूस दोन्ही हात टाकून श्वास घेऊ शकतो एवढी ती आहे. पण हा बोया म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, आणि दोघांनी एकदम धरला तर काठीसकट खाली बसतो. करून पाहिलंय.

दोरी बदलली नाही, तिची वागणूक बदलली. पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते, म्हणून तळाच्या खडकांत अडकत नाही, पण सैल पडलेली सगळी लांबी पाण्यावर पसरते आणि पंख्याची वाट बघते. सहा मीटर पाण्यात वीस मीटर सोडणं हा शुद्ध आळस होता. आता खोलीच्या दीडपटच सोडतो, बाकी रिळावर. कमरेची गाठ गेली, हातात धरायची मूठ आली. बोयाला बोटीने किंवा ओढीने खेचलं तर मूठ सोडता येते, गाठ सोडायला पाण्याखाली वेळ नसतो. दोरी बोयाला कुठे बांधावी यावर आमचं बरंच वाजलं. काठीच्या तळाशी बांधली तर सरळ खाली ओढताना काठी आणखी भक्कम उभी राहते, पण पोहत बोया मागून ओढताना तळ पुढे येतो आणि झेंडा मागे झुकतो. आम्ही बुड्यांपेक्षा पोहतो जास्त, म्हणून कडी फोमच्या वीतभर खाली बसवली.

तपासणी, या वेळी जिथे वापरायचा तिथे

काठावरच्या उथळ, छातीभर पाण्यात, मुद्दाम वारा असलेल्या दुपारी. झेंडा हाताने पाण्याला टेकवला आणि सोडला. दोन सेकंदांत उभा, दोनतीन हेलकावे, मग शांत. हिशेबाप्रमाणे त्या वाऱ्यात १८ अंशांच्या आसपास कलायला हवा होता. फोटोवर कोनमापक ठेवून मोजलं तर बावीस निघाले. लाटेचं माप माझ्या हिशेबात नव्हतंच.

मग मी काठावरून चालत लांब गेलो. शंभर मीटरवर लाल आणि पट्टा दोन्ही स्पष्ट. दोनशेवर पट्टा आहे असं वाटतं, म्हणजे मला माहीत आहे म्हणून दिसतो. तीनशेवर फक्त एक फिकट लाल ठिपका. यातही गणित आहे: साडेसात सेंटिमीटरचा पट्टा ३०० मीटरवरून एका कलेपेक्षाही (अंशाच्या साठाव्या भागापेक्षाही) लहान कोन करतो, आणि साधारण नजरेची मर्यादा एक कला आहे. म्हणजे लांबून झेंडा वाचता येत नाही, तिथे काहीतरी उभं आहे एवढंच कळतं. पण उभं आहे हे कळणं पुरेसं असतं. वाहत आलेला कॅन पाण्यावर पाऊण मीटर उंच उभा राहत नाही. संध्याकाळी मात्र लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो, म्हणून ऊन उतरलं की आम्ही बाहेर. त्या वेळेसाठी हा बोया नाहीच. आणि बाहेर आलो की पहिलं काम झेंडा आडवा करायचं. रिकाम्या पाण्यावर तो उभा राहिला तर पुढच्या वेळी कोण मानेल?

न सुटलेली एक गोष्ट आहे. दीड मीटरची काठी वाहून नेता येत नाही, म्हणून ती फोमच्या खालून दोन तुकड्यांत केली आहे आणि जोडात आडवी खीळ घालतो. पहिली खीळ लोखंडी होती, दोन महिन्यांत गंजून जोडातच अडकली. दुसरी स्टेनलेसची, ती कुणीतरी वाळूत पाडली, बहुतेक मीच. तिसरी आता बारीक दोरीने काठीलाच बांधून ठेवली आहे. तरीही जोड किंचित हलतो आणि लाटेत टक-टक आवाज करतो. जोडीदार म्हणतो राहू दे, पाण्याखालून ऐकू आला की बोया जागेवर आहे हे कळतं. मला तो आवाज आवडत नाही, पुढच्या महिन्यात जोड बदलणार आहे.